ड्रोव्हर्स रनवरच्या बायका खरंच एवढं काम करू शकतील का?

प्रश्न असा आहे: 'मॅक्लॉड्स डॉटर्स' या ऑस्ट्रेलियन मालिकेत चार-पाच बायका मिळून ड्रोव्हर्स रन नावाची गुरांची-मेंढ्यांची मोठी जागा सांभाळतात. घोड्यावरून गुरं वळवतात, कुंपणं ओढतात, अडलेली वासरं ओढून काढतात. यातलं खरं किती? आणि वर्क अँड हॉलिडे व्हिसावर जाऊन हेच काम करायचं असेल, तर आधी काय यायला हवं?

तुमची शंका बायकांच्या ताकदीबद्दल आहे. ती तिथे नकोच. मालिकेतली न पटणारी गोष्ट आहे पगाराची. एवढ्या जागेवर पाच जणींना वर्षभर पगार देणारा मालक सापडणं कठीण. दक्षिण ऑस्ट्रेलियात अशी जागा बहुधा नवरा-बायको, फार तर एक कामगार आणि हंगामाला येणाऱ्या कंत्राटी टोळ्या एवढ्यांत चालते. तिकडे चराईचा हिशेब 'ड्राय शीप इक्विव्हॅलंट' या एककात घालतात. साधारण 50 किलोचा खच्ची केलेला मेंढा वजन न घटता न वाढता राहायला जेवढं खातो, तेवढा एक. अंगावर पाजणारी गाय वासरासकट अशा डझनभर मेंढ्यांएवढं खाऊन जाते. एका पूर्णवेळ माणसाच्या वाट्याला अशी हजारो एककं येतात. म्हणजे मालिकेत माणसं कमी नाहीत, जास्तच आहेत.

मालिका 2001 ते 2009 चालली, 224 भाग. चित्रीकरण दक्षिण ऑस्ट्रेलियात गॉलर गावाजवळच्या किंग्सफर्ड नावाच्या जुन्या दगडी घरात आणि त्याच्या भोवतीच्या जमिनीवर झालं. ॲडलेडहून ही जागा तासाभराच्या आत. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. मेंढ्या, थोडी गुरं, थोडं धान्य असा मिश्र धंदा चालतो. वर उत्तरेला, साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त लांबीच्या डिंगो-कुंपणाच्या (डिंगो म्हणजे तिथली रानकुत्री) पलीकडे, जग वेगळं. तिथे मेंढ्या टिकत नाहीत, फक्त गुरं. ॲना क्रीक हे एकच स्टेशन, म्हणजे गुरांची अफाट जागा, आजही जवळपास पुणे जिल्ह्याएवढं आहे. मालिका पाहून उत्तरेला गेलात तर हिरवी टेकडी आणि संध्याकाळी गावातला पब शोधत बसाल. कामाला होकार देण्याआधी जागा कुंपणाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा.

शब्दही नीट लक्षात ठेवा. शिकाऊ मुलगा तो जॅकरू, शिकाऊ मुलगी ती जिलरू. जिलरू हा शब्द रूढ झाला दुसऱ्या महायुद्धात, पुरुष सैन्यात गेल्यावर. 1942 मध्ये विमेन्स लँड आर्मी उभी राहिली आणि शहरातल्या मुली शेतांवर गेल्या, तो हा काळ. उत्तरेला गुरांवर काम करणाऱ्याला रिंगर म्हणतात, दक्षिणेत स्टेशन हँड. मालिकेतली टेस शहरातून येते आणि शिकत जाते, म्हणून खरी जिलरू तीच, तिची सावत्र बहीण क्लेअर मालकीण-व्यवस्थापक. मराठी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. धनगरांच्या वाड्यावर कोकरं सांभाळणं, घोड्यावर बिऱ्हाड लादणं, मुक्काम उठवणं-बसवणं हे बायकाच करत आल्या आहेत.

आता मुख्य काम: गुरं हलवणं. इथे ताकद लागत नाही, उभं राहायची जागा कळावी लागते. प्रत्येक जनावराभोवती बुजण्याचं एक वर्तुळ असतं. त्याच्या काठावर पाऊल टाकलं की जनावर हलतं. आत घुसलं की पळतं, किंवा उलटून अंगावर येतं. दुसरी खूण खांद्याची. खांद्याच्या मागे उभे राहिलात तर जनावर पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलात तर थांबतं किंवा वळतं. अगदी शेपटीमागे उभं राहायचं नाही, तिथे त्याला दिसत नाही. ते मान वळवून बघणार आणि रांग मोडणार. थोडं बाजूला, तिरकं राहायचं. अमेरिकन पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी हे सगळं आकृत्या काढून जगभर शिकवलं.

यात चुकतं ते एकाच जागी. नवखी माणसं दाब देतात, पण काढत नाहीत. जनावर चालू लागलं की एक पाऊल मागे यायचं, हे त्याचं बक्षीस. चालूनही माणूस पाठीवरच राहिला तर जनावर शिकतं की चालण्यात फायदा नाही. मग ते थांबतं किंवा कळपातून फुटून मागे धावतं. मालिकेत (आणि अशा सगळ्याच मालिकांत) घोडे दौडताना, चाबूक कडाडताना, सगळे 'हो-हो' ओरडताना दिसतात, कारण चित्रात धूळ छान दिसते. प्रत्यक्षात दौडणारा कळप म्हणजे कोणाची तरी चूक. पळवलेल्या गुरांचं वजन घटतं, वासरं मागे पडतात, यार्डाच्या फाटकाशी पोचेपर्यंत सगळी भेदरलेली असतात. कळपाचा वेग सर्वांत लहान वासराचा. मागून सरळ हाकायचं नसतं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं तिरकं चालत राहायचं.

वासरांबद्दल आणखी एक गोष्ट पडद्यावर कधी येत नाही, कारण तिच्यात काहीच घडत नाही. गाई-वासरं नव्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या चराऊ तुकड्यात, नेली की लगेच सोडून निघून जायचं नसतं. कळप पाण्याजवळ धरून ठेवायचा आणि प्रत्येक वासराला त्याची आई सापडेपर्यंत थांबायचं. कधी अर्धा तास, कधी दोन. न थांबल्यास चुकलेलं वासरू शेवटचं जिथे प्यायलं होतं तिथे परत जातं, चार कुंपणं मागे. आणि आई त्याच्यामागे. दुसऱ्या दिवशी सगळी फेरी पुन्हा.

यार्डात, म्हणजे लोखंडी कठड्यांच्या कोंडवाड्यात, काम बारकाईचं. शेवटच्या अरुंद बोळाला रेस म्हणतात. त्याच्या टोकाला क्रश, आपल्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या खोड्याचा मोठा भाऊ. रेसच्या तोंडाशी असलेला छोटा कोंडवाडा पूर्ण भरायचा नाही, अर्धाच. गच्च भरला तर पुढच्या जनावराला वळायलाच जागा राहत नाही, मग लोक काठ्या काढतात. रेसमधली गुरं पुढे सरकत नसतील तर त्यांच्या तोंडाकडून शेपटीकडे, त्यांच्या उलट दिशेने, कडेकडेने चालत जा. तुम्ही ज्याच्या ज्याच्या खांद्यापासून मागे जाल, ते ते जनावर एक पाऊल पुढे टाकेल. तरीही अडली तर जनावराला दोष देण्याआधी पुढे बघा: लोंबणारी साखळी, कठड्यावर टाकलेलं जाकीट, डबकं, फळीची सावली. चित्रीकरणाच्या वेळी तर माईकची काठी आणि प्रकाश परतवणारे पांढरे पत्रे बुजण्याच्या वर्तुळात येतात. अशा दृश्यांत गुरं अभिनेत्रीला सोडून भलतीकडे बघताना दिसतात ती त्यामुळे.

यार्डातले बरेच अपघात फाटकाने होतात. जनावर फाटकाला धडकतं, फाटक माणसाला. म्हणून फाटकाच्या मागे, ते आणि कठडा यांच्यामध्ये, उभं राहायचं नाही. कडीत बोट अडकवायचं नाही. रेसमध्ये जनावराच्या मागे हात घालायचा असेल तर आधी आडवा दांडा सरकवायचा. शेतावरच्या फाटकांचा नियम वेगळा आणि सोपा: जसं सापडलं तसं ठेवा. उघडं होतं तर उघडंच, बहुधा पाण्याच्या वाटेसाठी ठेवलेलं असतं.

मेंढ्यांचं वागणं वेगळं. त्या एकमेकींमागे जातात, उजेडाकडे जातात, चढावर आणि वाऱ्याला तोंड करून सहज जातात. एक पुढे गेली की काम झालं, म्हणून पहिली मेंढी हलेपर्यंत दम धरा. लोकर धरून ओढायचं नाही, खाली कातडीला रक्त साकळतं. 60-70 किलोची मेंढी बसवायला दंड लागत नाही: डावा हात जबड्याखाली, तिचं तोंड तिच्याच उजव्या बरगडीकडे वळवायचं, उजव्या हाताने पुठ्ठा दाबायचा आणि स्वतः एक पाऊल मागे. तोल गेला की ती आपसूक ढुंगणावर बसते. ओढाताण करणारा पुरुष दुपारपर्यंत थकतो, ही युक्ती येणारी मुलगी संध्याकाळपर्यंत टिकते.

मेंढ्या वेगळ्या करण्याला ड्राफ्टिंग म्हणतात. अरुंद रेसच्या टोकाला दोन झुलती फाटकं असतात. ती डावी-उजवीकडे मारत माद्या एकीकडे, कोकरं दुसरीकडे, विकायच्या तिसरीकडे. यातलं गुपित एवढंच की समोरच्या मेंढीकडे बघायचं नाही. नजर दोन मेंढ्या मागे हवी. समोर आलेलीचा निर्णय तोवर झालेला असतो.

कोकरांची खूणगाठ, म्हणजे लॅम्ब मार्किंग, हा जिलरूच्या वर्षातला सर्वांत मळका दिवस. कोकरू साधारण दोन ते बारा आठवड्यांचं असताना करतात. चार-पाच जण, फिरता पाळणा, प्रत्येकाचं एक काम. एक जण कोकरू उताणं पाळण्यात अडकवतो. मग कानात बिल्ला, लस, वेदनाशामक, नर असेल तर खच्चीकरणाचं रबरी कडं, शेवटी शेपटी. 1 जानेवारी 2025 नंतर जन्मलेल्या कोकरांना इलेक्ट्रॉनिक बिल्ला देशभर सक्तीचा आहे, तेव्हा जुन्या भागांतलं हे काम आता तसंच दिसणार नाही. कडं सोडण्याआधी दोन्ही वृषण त्याच्या खाली आले आहेत ना, हे बोटांनी चाचपायचं. एक वर राहिला तर सहा महिन्यांनी कळपात अर्धवट मेंढा फिरतो. शेपटी तिसऱ्या सांध्याशी कापायची, मादीच्या योनीचं टोक झाकलं जाईल इतकी लांब. फार आखूड कापली तर तिला शेपटी उचलता येत नाही, मागचा भाग घाणीने भिजतो आणि माशी बसते. पावसाळी दिवशी हे काम करायचं नाही, आणि जुन्या धुळीच्या यार्डात तर नाहीच. पॅडॉकमध्येच तात्पुरते कठडे लावायचे. सुटलेलं कोकरू लगेच आईकडे जायला हवं.

माशीचं आलंच तर तेही सांगतो, कारण नव्या माणसाला रोजच्या फेरीत हेच ओळखावं लागतं. तिथली हिरवट माशी ओल्या लोकरीत अंडी घालते, दिवसभरात अळ्या होतात आणि त्या कातडी खात जातात. खुणा: मेंढी कळपापासून दूर, पाय आपटते, शेपटी सतत झटकते, मागे वळून चावते, लोकरीवर काळपट ओला डाग. दुर्बिणीतून दिसतं. उपाय म्हणजे डागाच्या चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर निरोगी कातडी दिसेपर्यंत लोकर कातडीलगत कापायची, वर औषध. कापलेली अळ्यांची लोकर तिथेच टाकली तर तुम्ही पुढच्या माश्याच पेरल्या. ती काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवायची.

जंताचं औषध पाजणं सोपं दिसतं आणि सर्वाधिक बिघडतं. मात्रा सरासरी वजनावर ठरवायची नाही, कळपातल्या सर्वांत जड मेंढीवर ठरवायची. त्यासाठी काही मेंढ्या खरोखर तोलायच्या, नजरेने नाही. पिचकारी मोजपात्रात चार-पाचदा दाबून बघायची, झिजलेली पिचकारी कमी देते. कमी मात्रेतून वाचलेले जंत पुढच्या पिढीला त्या औषधाला दाद न देणारे करून सोडतात. नळी तोंडाच्या कडेने, जिभेच्या मागे. मान फार वर उचलली तर औषध फुप्फुसात.

लोकर कातरणं जिलरू सहसा करत नाही. कंत्राटी टोळी येते, दिवसाच्या दोन-दोन तासांच्या चार पाळ्या: साडेसात ते साडेनऊ, दहा ते बारा, एक ते तीन, साडेतीन ते साडेपाच. तुमचं काम आदल्या दिवसापासून मेंढ्या उपाशी आणि कोरड्या ठेवण्याचं. पोट भरलेली मेंढी पालथी-उताणी करताना गुदमरते, आणि भिजलेल्या मेंढ्या टोळी कातरत नाही. एकेकाळी शेडकडे बाई येताना दिसली की आतून हाक जायची: 'डक्स ऑन द पॉन्ड', तळ्यात बदकं. म्हणजे जीभ आवरा. आता त्याच शेडमध्ये लोकर उचलून टेबलावर पसरणाऱ्या, प्रतवारी करणाऱ्या आणि कातरणाऱ्याही बायका असतात.

अडलेल्या गाईचं दृश्य प्रत्येक ग्रामीण मालिकेला लागतंच. त्यात काय बघायचं? बाळंतवाटेत दोन पुढचे पाय आणि त्यांच्यावर टेकलेलं तोंड, ही सरळ स्थिती. साखळी पायाच्या खुरावरच्या सांध्याच्या वर एक फास आणि खाली एक अडकण अशी दुहेरी, म्हणजे ओढ एकाच जागी येत नाही. भरपूर वंगण, गाय कळ देईल तेव्हाच ओढ, एकदा एक पाय, मग दुसरा, आणि डोकं बाहेर आलं की दिशा खाली, गाईच्या खुरांकडे. दोन माणसांच्या हातांपेक्षा जास्त जोर लावायचा नाही. गाडीला दोर बांधून तर कधीच नाही. वीस-तीस मिनिटांत पुढे सरकलं नाही, किंवा तोंड मागे वळलेलं लागलं, तर पशुवैद्य. पडद्यावर वासरू पहिल्या ओढीत येतं. सुरुवातीची तपासणी, हात धुणं आणि वाट बघणं हे कापलेलं असतं.

कुंपणाचं थोडक्यात. मेंढ्यांसाठी विणलेली जाळी 8/90/30 या नावाने मिळते: आठ आडव्या तारा, 90 सेंटिमीटर उंची, उभ्या तारांत 30 सेंटिमीटर अंतर. वर काटेरी तारेची एक ओळ. सगळा ताण कोपऱ्यातल्या जाड खांबावर आणि त्याच्या तिरक्या टेकूवर येतो. तो खांब सैल बसला तर मधले शंभर खांब कितीही सरळ असोत, तारा वर्षभरात लोंबतात. ताणलेली तार कापताना चष्मा घाला आणि दोन्ही टोकं धरून किंवा दाबून ठेवा. सुटलेली तार चाबकासारखी येते.

आणि पाणी. उन्हाळ्यात वासरवाली गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पिते. शंभर गाई म्हणजे रोज दहा हजार लिटर. हौदाच्या झडपेचा तरंगणारा गोळा अडकला तर रात्रीत टाकी रिकामी होते, किंवा हौद भरतच नाही. उत्तरेच्या स्टेशनांवर नव्या मुलीचा पहिला महिना बहुतेक याच फेरीत जातो: गाडी, हौद, मेलेला पक्षी काढ, झडप हलव, पुढचा हौद. यावर कोणी मालिका काढणार नाही, पण गुरं मरतात ती इथे हयगय झाली की.

मालिकेने एक गोष्ट अचूक पकडली (अजून पाहायची असेल तर हा परिच्छेद सोडा). तिसऱ्या वर्षात क्लेअर मरते ती वळूमुळे किंवा घोड्यावरून पडून नाही, गाडी कड्यावरून गेल्यामुळे. ऑस्ट्रेलियन शेतांवर माणसं मरतात ती मुख्यतः ट्रॅक्टर, क्वाड बाइक आणि गाड्यांमुळे. क्वाड चारचाकी म्हणून सुरक्षित वाटते आणि उतारावर सहज उलटते. ऑक्टोबर 2021 पासून नव्या क्वाडला मागे संरक्षक कमान सक्तीची आहे. शेतावर जुनी असेल तर कमान बसवली आहे का विचारा, हेल्मेट मागा. केस हे पडद्याचं दुसरं खोटं. मोकळे केस ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात गेले तर डोक्याची कातडी जाते. केसांचा अंबाडा घाला, वर टोपी. अंगठी-ओढणी काहीही नको.

व्हिसाबद्दल: 2024 पासून भारतीयांसाठी 462 क्रमांकाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा खुला झाला, वर्षाला 1,000 जागा, सोडतीने, वय 18 ते 30. दुसरं वर्ष हवं असेल तर ठरलेल्या भागांत तीन महिने ठरलेलं काम करावं लागतं. जनावरांचं काम त्यात मोडतं, पण शेताचा पोस्टकोड यादीत आहे का ते आधी बघा आणि पगाराची प्रत्येक चिठ्ठी जपा.

जाण्याआधी इथे काय शिकाल? घोडा नसला तरी चालेल. गिअरची गाडी चालवता येणं आवश्यक. दुभत्या गोठ्यावर महिनाभर काम केलंत तर जनावराच्या अंगभाषेची सवय होईल. तिकडे पोचल्यावर पहिलं काम क्यू फीवरच्या लसीचं. हा ताप गुरं-शेळ्या-मेंढ्यांच्या वारेतून, विण्याच्या वेळच्या पाण्यातून आणि धुळीतून येतो, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवू शकतो, आणि गर्भारपणात जास्त धोक्याचा. लस भारतात मिळत नाही. ऑस्ट्रेलियातही आधी रक्ताची आणि कातडीची चाचणी होते, कातडीची सात दिवसांनी वाचतात, मगच टोचतात. आणि अंगात बळ यायला पुढे दोनेक आठवडे. म्हणजे उतरल्या दिवशी वेळ घेतलीत तरी पहिलं यार्ड तीन-चार आठवड्यांनंतर. मालकाला हे फोनवरच सांगा. त्याच फोनवर विचारून घ्या: पगार पास्टरल अवॉर्डप्रमाणे (शेतीकामाच्या किमान पगाराच्या सरकारी नियमाप्रमाणे) आहे का, राहण्या-जेवणाचे किती कापणार, खोलीला आतून कडी आहे का, जागेवर दुसरी बाई कोण आहे, आणि एकटीला लांबच्या पॅडॉकमध्ये पाठवताना रेडिओ कोणत्या चॅनलवर असतो व वेळेत परत न आल्यास शोधायला कोण निघतं.